सीईटीची सराव चाचणी: पहिल्यांदाच घेणाऱ्या शिक्षकासाठी

कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला रुजू होऊन वर्ष होत नाही तोच प्राचार्य बोलावून सांगतात, "सर, यंदा बारावीच्या मॉक टेस्ट तुम्ही बघा." सोबत ना वेगळा तास मिळतो, ना प्रश्नसंच. मलाही असंच सांगितलं होतं. मी उत्साहाने सहा चाचण्या घेतल्या, रात्री जागून तपासल्या, गुणांच्या याद्या सूचनाफलकावर लावल्या. पहिल्या चाचणीत ज्याला 80 होते त्याला सहाव्या चाचणीत 82. मुलं थकली, मीही थकलो. काय चुकलं ते कळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. चाचणीचे तीन तास मी डोळ्यांत तेल घालून सांभाळले होते, पण चाचणीनंतरचा दिवस वाऱ्यावर सोडला होता. गुण वाढतात ते त्या नंतरच्या दिवशी.

तालुक्याच्या गावी, जिथे मोठा क्लास नाही, प्रयोगशाळेत संगणक वीस आणि मुलं ऐंशी, अशा ठिकाणी जे जमतं ते इथे लिहितोय. उदाहरणं एमएचटी-सीईटीची, म्हणजे बारावीनंतरच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेची, आणि मुख्यतः पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची आहेत, कारण इंजिनीअरिंगला जाणारी आपली बहुतेक मुलं तीच परीक्षा देतात. पीसीबीच्या (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) मुलांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पायरी पहिली: परीक्षेचं गणित स्वतः मांडून बघा

राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला नुसतं सीईटी सेल म्हणतो, तो ही परीक्षा घेतो. 2019 पासून ती संगणकावर होते. पीसीएम गटाला पहिल्या 90 मिनिटांत भौतिकशास्त्राचे 50 आणि रसायनशास्त्राचे 50 प्रश्न, प्रत्येकी एक गुण. पुढच्या 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. एकूण 200. पीसीबीला गणिताच्या जागी जीवशास्त्राचे एकेका गुणाचे 100 प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर आणि 80 टक्के बारावीवर, म्हणजे भौतिकच्या 50 पैकी 10 अकरावीचे. अकरावीचे सगळे धडे नसतात, ठरावीकच असतात. ती यादी सेलच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमात असते. ती छापून वर्गात चिकटवा. नियम आणि तारखा अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडल्याशिवाय मुलांना काहीही छातीठोकपणे सांगू नका.

आता भागाकार करा. 90 मिनिटांत 100 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. गणितात एका प्रश्नाला 108 सेकंद, म्हणजे तिथेही एका गुणाला 54 सेकंदच. जेईई मेनमध्ये, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत, 180 मिनिटांत 75 प्रश्न असतात, तिथे एका प्रश्नाला 144 सेकंद मिळतात. म्हणून जेईईची तयारी केली की सीईटी आपोआप होते, असं जे म्हणतात ते अर्धंच खरं. काठिण्यपातळी कागदोपत्री जेईई मेनच्या तोडीची म्हटली जाते, पण माझ्या मते सीईटी आधी वेग तपासते आणि मग खोली. हुशार, सावकाश, नीटनेटकं लिहिणारं पोर इथेच मार खातं.

दुसरी गोष्ट मुलांना दहादा सांगावी लागते. पहिली 90 मिनिटं संपल्याशिवाय गणित उघडत नाही, आणि उघडल्यावर मागे फिरता येत नाही. रसायन लवकर संपलं म्हणून उरलेली वेळ गणिताला देता येत नाही. भौतिक आणि रसायन या दोघांत मात्र हवं तसं फिरता येतं, आणि सगळी चतुराई तिथेच आहे.

पायरी दुसरी: आधी आपण पेपर द्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, एक पूर्ण पेपर द्या. मी दिला तेव्हा पहिल्या 90 मिनिटांत माझे 83 प्रश्नच वाचून झाले होते. आणि मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.! सेंद्रिय रसायनातली अभिक्रियांची नावं तर बारावीनंतर पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आली. त्या दिवसानंतर "एवढं सोपं कसं चुकलं रे तुझं?" हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते गेलंच.

पायरी तिसरी: प्रश्न जमवा

पहिला स्रोत बालभारतीची पुस्तकं. अकरावीची सध्याची पुस्तकं 2019 पासूनची आणि बारावीची 2020 पासूनची आहेत, ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात. स्वाध्यायातले बहुपर्यायी प्रश्न मुलं सोपे म्हणून सोडून देतात, पण पहिल्या दोन चाचण्यांना ते पुरतात. शिवाय धड्यांच्या मधल्या चौकटी, तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी यांवर आपण स्वतः प्रश्न काढू शकतो. रसायनात तर काढायलाच हवेत.

दुसरा स्रोत जास्त मोलाचा. परीक्षेनंतर सेल प्रत्येक उमेदवाराच्या लॉगिनमध्ये त्याची प्रश्नपत्रिका, त्याने दिलेली उत्तरं आणि उत्तरसूची ठरावीक दिवसांसाठी दाखवतो, आक्षेप घेता यावेत म्हणून. गेल्या वर्षीच्या मुलांना फोन करा. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. पाच मुलांकडून पाच वेगवेगळे पेपर मिळाले तर वर्षाची सोय झाली. बाजारातले जाडजूड प्रश्नसंच मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण त्यांत एकाच प्रश्नाचे आकडे बदलून चार प्रश्न केलेले असतात.

पेपर जुळवताना सोपे-अवघड यांची सरमिसळ करा. सुरुवातीला दहा सोपे आणि मग चढण, असा क्रम खऱ्या परीक्षेत नसतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या पेपरांत होता. मुलांना वाटायचं, विसाव्या प्रश्नापर्यंत सगळं आलंच पाहिजे.

भाषेचंही बघा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत घेता येतं, गणित मात्र फक्त इंग्रजीत असतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला गणित येत असतं, पण 'ॲट लीस्ट', 'नॉट मोअर दॅन', 'रिस्पेक्टिव्हली' हे शब्द अडवतात. मी अशा तीसेक शब्दांची एक पट्टी करून देतो. संभाव्यतेच्या प्रकरणात 'ॲट लीस्ट वन' म्हणजे 'किमान एक', म्हणजे 'एकही नाही'ची संभाव्यता एकातून वजा करायची, एवढं पक्कं झालं तरी वर्षाला एखाददुसरा प्रश्न पदरात पडतो.

पायरी चौथी: संगणकाची सोय

ऐंशी मुलांना वीस संगणक, म्हणजे चार तुकड्या. पहिली तुकडी बाहेर पडली की दुसरीला पेपर कळतो, हे गृहीत धरा. म्हणून दोन संच तरी हवेत, आणि प्रश्नांचा क्रम व पर्यायांचा क्रम बदललेला हवा.

गूगल फॉर्ममध्ये क्विझ करता येते, क्रम बदलता येतो, गुणही आपोआप मिळतात. फक्त त्यात घड्याळ नसतं, ते फळ्यावर आपण चालवायचं. समीकरणं चित्र म्हणून घालावी लागतात, वेळखाऊ काम आहे, पण पुढच्या वर्षी तीच कामी येतात. इंटरनेटचा भरवसा नसेल तर मूडल ही फुकट प्रणाली प्रयोगशाळेतल्याच एका संगणकावर बसवता येते आणि बाकीचे संगणक आतल्या केबलने तिला जोडता येतात. त्यात घड्याळ असतं आणि वेळ संपली की पेपर आपोआप जमा होतो. बसवायला आयटीच्या सरांचा एक रविवार लागेल. चहा-भजी आपल्याकडून.

सगळ्या चाचण्या संगणकावर होणार नाहीत, तसा हट्टही धरू नका. मी नऊपैकी तीन संगणकावर घेतो, बाकी कागदावर. संगणकावरच्या तीन मात्र प्रत्येकाला मिळाल्याच पाहिजेत. मोबाइलवर पटापट बोटं फिरवणारी मुलं माउस हातात आला की अडखळतात. पडद्यावरचा प्रश्न आणि समोरचा कोरा कागद यांत नजर वरखाली करताना आकडे चुकीचे उतरवतात. 72 चे 27 होतात. ही सवय कागदावरच्या चाचणीत लागत नाही.

पडद्यावरची बटणंही समजावून द्या: उत्तर जतन करून पुढे जायचं बटण, पुन्हा बघण्यासाठी खूण करायचं बटण, आणि बाजूची प्रश्नक्रमांकांची रंगीत चौकट. पर्यायावर टिचकी मारली म्हणजे उत्तर नोंदलं गेलं असं नाही, जतन करावं लागतं. सरावाला जेईईचा पडदाही चालतो. जेईई घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर नमुना चाचण्या खुल्या आहेत आणि मांडणी बरीचशी तशीच असते.

पायरी पाचवी: पहिल्या चाचणीआधी एक तास फक्त बोला

या तासाला धडा शिकवायचा नाही, पेपर कसा फिरायचा ते शिकवायचं.

पेपर तीन फेऱ्यांत सोडवायचा. पहिल्या फेरीत प्रश्न वाचल्याबरोबर जे येतं तेवढंच. रसायनातले बहुतेक प्रश्न इथे निघतात, म्हणून मी रसायन आधी घ्यायला लावतो. 30-35 मिनिटांत रसायन आणि उरलेली 55 भौतिकला, हा साधारण हिशेब. दुसऱ्या फेरीत आकडेमोड, पण जिची वाट दिसते आहे तीच. तिसऱ्या फेरीत उरलेलं. एखाद्या प्रश्नावर दीड मिनिट गेलं आणि वाट दिसली नाही तर सोडायचा. हे सांगायला सोपं आहे. हुशार मुलांना तेच सगळ्यात जड जातं, त्यांना तो प्रश्न अपमान केल्यासारखा वाटतो.

मग अंदाजाचं. गुण कापत नाहीत म्हटल्यावर एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून 20 उत्तरं दिली तर सरासरी पाच बरोबर येतात, आणि गणितात तेच पाच म्हणजे दहा गुण. पण 'मनाला पटेल ते' निवडणं हा डोळे मिटण्यापेक्षा वाईट अंदाज आहे, कारण पर्याय काढणाऱ्याने मुलांच्या नेहमीच्या चुकाच पर्याय म्हणून ठेवलेल्या असतात. लंबकाची लांबी चौपट केली तर दोलनकाळ किती पट? उत्तर दुप्पट. पण पर्यायात 'चौपट' असतोच, आणि तो मनाला पटतोच. म्हणून आधी काटायला शिकवा. वर्तुळाचं समीकरण विचारलंय आणि ते ज्या बिंदूतून जातं तो बिंदू दिलाय, तर सरळ बिंदूचे आकडे पर्यायांत घाला, एक-दोन पर्याय तिथेच गळतात. भौतिकमध्ये एककं तपासा, वेग विचारला असताना ज्या पर्यायाचं एकक त्वरणाचं येतं तो आपोआप बाद. दोन पर्याय काटले की अंदाज बरोबर यायची शक्यता चारात एकऐवजी दोनात एक होते. आणि काहीच काटता येत नसेल तर शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना एकच अक्षर, उगाच विचार न करता.

शेवटची गोष्ट ठिपक्याची. कच्च्या कागदावर समासात प्रश्नक्रमांक लिहायचा आणि जिथे अंदाज मारला तिथे क्रमांकापुढे ठिपका द्यायचा. पर्याय काटून मारला असेल तर एक ठिपका, आंधळा मारला असेल तर दोन. अर्धा सेकंद लागतो. मुलं विसरतात, रागावून का होईना पण ही सवय लावा. सातव्या पायरीचं सगळं काम या ठिपक्यांवर चालतं.

पायरी सहावी: चाचणीचा दिवस

इथे फार काही नाही. वेळेवर सुरू, वेळेवर बंद. मध्ये पाणी प्यायला उठायचं नाही, शंका विचारायची नाही, प्रश्नच चुकीचा असला तरी पुढे जायचं. पहिल्या 90 मिनिटांनंतर कागद काढून घ्या, नाहीतर गणिताच्या वेळात कोणीतरी रसायनाची उत्तरं बदलतंच. लाइट गेली तर किती मिनिटं गेली ते फळ्यावर लिहा आणि तेवढी वाढवून द्या. त्या वेळात मुलांना गप्प बसवणं हाच काय तो तुमचा पराक्रम.

पायरी सातवी: चाचणीनंतरचा दिवस

पेपर संपल्याबरोबर मुलं गराडा घालतात, "सर, उत्तरसूची?" देऊ नका. कितीही गयावया केली तरी नाही. प्रश्नपत्रिका घरी न्यायची आणि जे प्रश्न सुटले नाहीत, जे ठिपक्यांचे आहेत, आणि ज्यांच्याबद्दल खात्री नाही, ते सगळे पुन्हा सोडवायचे. घड्याळ न लावता, पुस्तक न उघडता. आमच्याकडे याला 'बिनघड्याळाचा पेपर' म्हणतात. उत्तरं वेगळ्या शाईने, पहिल्या उत्तराशेजारीच.

दुसऱ्या दिवशी सूची द्या आणि प्रत्येकाला आपला पेपर आपणच तपासायला लावा. आता प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं समोर आहेत, घड्याळाबरोबरचं आणि घड्याळाशिवायचं. त्यावरून चुकांना नावं पडतात. घरीही आला नाही, तो 'कोरा': विषयच माहीत नाही. घरी बऱ्याच वेळाने सूत्र आठवलं आणि आला, तो 'विसर'. घरी बघताक्षणी "अरे, हे तर येत होतं" झालं, ती 'घाई'. तिथवर पोचलोच नाही आणि घरी सुटला, तो 'वेळ'. आणि बरोबर आलेलं उत्तर, पण पुढे ठिपका, ते 'नशीब'.

एका मुलीचा कागद सांगतो. भौतिक-रसायन मिळून 100 पैकी 61. घरचे खूश. ठिपके मोजले तर त्या 61 मधले 14 नशिबाचे, म्हणजे खरे तिचे 47. उरलेल्या 39 चुकांत कोरे 12, विसर 10, घाई 11, वेळ 6. आता हिला काय सांगायचं? "अजून अभ्यास कर" म्हटलं असतं तर ती बिचारी कोऱ्या बाराच्या मागे लागली असती, कारण अभ्यास म्हणजे नवं वाचणं असंच आपण शिकवतो. पण घाईच्या 11 प्रश्नांसाठी तिला एक अक्षरही नवं शिकायचं नव्हतं. त्या 11 चं आणखी खोदलं, तर पाच ठिकाणी सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले होते, तीन ठिकाणी प्रश्नातला 'नाही' वाचला नव्हता, दोन ठिकाणी ऋण चिन्ह हरवलं होतं, एका ठिकाणी ब ऐवजी क वर टिचकी. इलाज साधा: दिलेली प्रत्येक राशी उतरवताना पुढे एकक लिहायचंच, आणि प्रश्नात 'नाही' दिसला की कच्च्या कागदावर मोठी फुली मारायची. तीन चाचण्यांनंतर तिची घाई चारवर आली. मग आम्ही विसराकडे वळलो, आणि कोऱ्याकडे सगळ्यात शेवटी.

हा क्रम उलटा वाटेल. पण सीईटीला महिनाभर उरलेला असताना घाईचा प्रश्न दुरुस्त व्हायला एक दिवस लागतो, विसराचा आठवड्याचा मामला आणि कोरा प्रकरण म्हणजे पंधरा दिवस. दिवाळीच्या सुमारास मात्र उलट करा, तेव्हा कोऱ्याला वेळ आहे.

नशिबाचे 14 कमी लेखू नका. मुलं बरोबर आलेल्या प्रश्नाकडे पुन्हा ढुंकून बघत नाहीत, आणि पुढच्या पेपरात तोच प्रश्न उलटतो. गुण अचानक 61 वरून 53 वर येतात आणि घरात रडारड. खरं तर काहीच घसरलेलं नसतं, नशीब पालटलेलं असतं.

वर्गात फळ्यावर सगळे 100 प्रश्न सोडवत बसू नका. दोन तास जातात आणि ज्याला जे येतं तेच तो पुन्हा ऐकतो. हात वर करायला लावा, अर्ध्याहून जास्त वर्गाचे चुकलेले प्रश्न दहा-बारा निघतात, तेवढेच तुम्ही घ्या. बाकीचे जोडीजोडीने: ज्याला आला त्याने शेजाऱ्याला सांगायचा. समजावून देताना त्याचाच 'नशीब' उघडा पडतो, ही मजा वेगळी.

मग चुकांची वही. यात पूर्ण उत्तर उतरवायचं नाही, तसं केलं की ती सुवाच्य, निरुपयोगी वही होते. एका चुकीला दोन ओळी: 'मी काय केलं' आणि 'काय करायला हवं होतं'. धड्यानुसार पानं पाडायची. आठ दिवसांनी याच वह्यांमधून वीस प्रश्न उचलून अठरा मिनिटांची छोटी चाचणी घ्या. वीस गुणिले 54 सेकंद, बरोबर अठरा मिनिटं.

गुणांची यादी फलकावर लावू नका. हे मी पहिल्या वर्षी केलं आणि शेवटच्या बाकावरची चार मुलं तिसऱ्या चाचणीनंतर यायचीच बंद झाली. आता ज्याचे गुण त्याला. फलकावर लावायचंच असेल तर पूर्ण वर्गाची मिळून 'घाई' किती झाली तो आकडा लावा. तो चाचणीगणिक उतरताना बघायला मुलांना आवडतं.

पायरी आठवी: वर्षाची आखणी

जूनपासून पूर्ण पेपर घेण्यात अर्थ नाही, शिकवलेलंच नसतं. धडा संपला की 25 प्रश्न आणि साडेबावीस मिनिटं, गणिताला 10 प्रश्न आणि 18 मिनिटं. वेगाची ओळख तिथेच होते. पहिला पूर्ण पेपर दिवाळीच्या सुट्टीनंतर, झालेल्या भागावर. दुसरा पूर्वपरीक्षेआधी. जानेवारीच्या मध्यापासून बोर्ड संपेपर्यंत एकही नको. दोन परीक्षांची वळणं वेगळी आहेत, बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, सीईटीत पायऱ्या कोणी बघत नाही, आणि फेब्रुवारीत मुलाला दोन्ही वळणांवर ओढलं की ते कुठलंच धड घेत नाही. शिवाय इंजिनीअरिंगच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरत नसले तरी पात्रतेला ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला 45 आणि महाराष्ट्रातल्या राखीव गटांना 40 टक्के लागतातच. सीईटीत झकास आणि बारावीत अडकलेला विद्यार्थी मी पाहिलाय.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की साधारण महिना-दीड महिना हातात राहतो. पहिला आठवडा अकरावीच्या धड्यांना द्या, चाचणी नाही. सरळ रेषा, वर्तुळ, ध्वनी, प्रकाश हे मुलांनी वर्षभरात उघडलेलं नसतं. मग आठवड्याला दोन पूर्ण पेपर: एक सकाळी 9 ते 12, एक दुपारी 2 ते 5, कारण खरी परीक्षा याच दोन सत्रांत होते आणि आपल्याला कुठलं मिळेल ते आधी ठरवता येत नाही. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसून गणित सोडवणं हा स्वतंत्र विषय आहे. जेवून आलेली पोरं पावणेतीनला पेंगतात. दुपारच्या चाचणीला अर्धी भाकरी कमी आणि ताक एक पेला, हे आधीच सांगून ठेवा.

एकूण आठ-नऊ पूर्ण पेपर झाले की पुरे. कोणी चाळीस दिल्याचं सांगतं, तेव्हा मी विचारतो, चुकांची वही किती पानांची झाली?

पालकांना पर्सेंटाइल समजावताना

ही बैठक तुम्हालाच घ्यावी लागेल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे एका वाक्यात पटत नाही. मी वर्गाचंच उदाहरण घेतो. समजा, वर्गात 40 मुलं. तुमच्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण असलेली मुलं, तिला धरून, 33. मग 33 भागिले 40 गुणिले 100, म्हणजे 82.5 पर्सेंटाइल. तिचे गुण कितीही असोत. पेपर अवघड असेल तर कमी गुणांनाही तेवढंच पर्सेंटाइल मिळतं, सोपा असेल तर जास्त गुण मिळवूनही. सेल हा हिशेब प्रत्येक सत्राचा वेगळा करतो आणि सात दशांश स्थळांपर्यंत देतो, म्हणून वेगवेगळ्या पेपरांची तुलना होऊ शकते.

"सर, मग आमच्या पोराला आपल्या टेस्टवरून किती येतील?" हा प्रश्न येणारच. आपल्या मूठभर मुलांवरून राज्याचं पर्सेंटाइल काढता येत नाही, आणि मी आकडा सांगत नाही. त्याऐवजी मुलाची वही उघडून दाखवतो: पहिल्या चाचणीत घाई 13, आता 5. वडील ट्रॅक्टर चालवणारे असोत की तलाठी, हे त्यांना लगेच कळतं.

शेवटचे दिवस

परीक्षेच्या दोन दिवस आधी पेपर बंद. फक्त चुकांची वही आणि सूत्रांची पानं. प्रवेशपत्रावर केंद्राचा पत्ता आणि हजर राहायची वेळ असते, ती परीक्षेच्या वेळेच्या बरीच आधीची असते. केंद्र जिल्ह्याच्या गावी, सकाळचं सत्र आणि पहिली एसटी साडेसहाची असेल तर आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे मुक्काम केलेला बरा. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्सवर अडवतात. आमच्याकडची तीन-चार मुलं एकाच गाडीने जातात आणि गाडीत एकमेकांना प्रश्न विचारायचे नाहीत, एवढी एक अट मी घालतो. एकाला न आलेला एक प्रश्न चौघांचं डोकं बधिर करतो.

परीक्षा देऊन आलेल्या प्रत्येकाकडून तिथल्या तिथे कबूल करून घ्या: लॉगिनमध्ये प्रश्नपत्रिका आणि उत्तरं दिसायला लागली की ती उतरवून घेऊन सरांना पाठवायची. ती खिडकी थोडेच दिवस उघडी असते, आणि तोवर मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात. मी त्या तारखेला सकाळीच गटावर संदेश टाकतो आणि संध्याकाळी एकेकाला फोन करतो. गेल्या खेपेला अकरा पेपर आले. पुढच्या दिवाळीनंतरचा पहिला पेपर त्यातूनच निघाला.